मालवणच्या किनाऱ्याखालचे गोडे पाणी

मालवण बंदरासमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे आणि त्याच्या पोटात दूधबाव, साखरबाव व दहीबाव अशा तीन विहिरी आहेत. तटाबाहेर चहूकडे खारे पाणी, आत मात्र पिण्याजोगे गोडे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन किल्ल्याच्या कामाला हात लागला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे अडीच वर्षांत, मार्च १६६७ मध्ये, ते पुरे झाले. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आणि तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास. एवढ्या बांधकामावर राबणाऱ्या माणसांना प्यायला आणि चुना मळायला जे पाणी लागले असेल, त्याचा विचार केला की बेटाची निवड करताना पाण्याची खात्री किती आधी करून घ्यावी लागली असेल हे ध्यानात येते.

सिंधुदुर्गाविषयी लिहिणाऱ्यांची लेखणी सहसा शिसे ओतून बसवलेल्या पायावर, गोमुखी दरवाजावर आणि शिवाजी महाराजांच्या हातापायांच्या ठशांवर रेंगाळते. विहिरींच्या वाट्याला एखादे वाक्य येते, तेही आश्चर्याचे. वास्तविक किल्ला नांदता राहिला तो या विहिरींच्या जिवावर. दारूगोळा, धान्य, सरपण ही सगळी शिबंदीची गरज होडीने आणता येते आणि साठवताही येते. पाणी रोज लागते आणि वेढा पडला की होडी थांबते. पावसाळ्यातले तीन महिने तर वेढा नसतानाही होडी थांबते. १७६५ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांकडून किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत आला आणि १८१२ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेला. धनी बदलले, तरी किल्ल्यातली वस्ती त्याच तीन बावींचे पाणी पीत राहिली. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मोजक्या हिंदू-मुसलमान घरांची गोष्टही तीच.

समुद्राने वेढलेल्या जागी गोडे पाणी मिळण्याची नवलाई फक्त मालवणची नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या मुरुड-जंजिऱ्यात आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याची सोय आहे. त्याहून जुना आणि जास्त बोलका दाखला सीरियाच्या किनाऱ्यासमोरच्या अरवाद बेटाचा. तिथली तटबंद वस्ती युद्धकाळात पाणी कसे मिळवी, हे स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्रात तळातून गोडा झरा उसळत असे. लोक होडीतून तिथे जात, रुंद तोंडाचे शिशाचे नरसाळे झऱ्यावर उपडे सोडत आणि त्याला जोडलेल्या चामडी नळीतून वर येणारे पाणी भरून घेत. आधी नळीत साचलेले खारे पाणी वर येई, मग गोडे. बहरीनच्या किनाऱ्यावर मोती काढणारे पाणबुडे कातडी पिशव्या घेऊन बुडी मारत आणि तळच्या झऱ्यांचे पाणी भरून आणत. या दोन्ही ठिकाणच्या लोकांना जी गोष्ट रोजच्या गरजेतून ठाऊक होती, ती शास्त्राच्या हिशेबात नीट यायला विसावे शतक उजाडले. जमिनीतले पाणी किनाऱ्यावर येऊन थांबत नाही, ते समुद्राच्या तळाखालून पुढे जाते आणि समुद्रात मिसळते, ही ती गोष्ट.

सिंधुदुर्गाच्या विहिरींविषयी एक समज सर्रास ऐकू येतो. सह्याद्रीतून निघालेली एखादी धार समुद्राखालून येऊन बेटावर फुटते, असा तो समज. ऐकायला तो छान वाटतो, पण त्याची गरज नाही. बेटावर पडणारा पाऊसच पुरेसा आहे, आणि हा हिशेब कागदावर मांडून पाहता येतो. ४८ एकर म्हणजे सुमारे १ लाख ९४ हजार चौरस मीटर. किनाऱ्यावरचा वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तरी बेटावर ४८ कोटी लिटर पाणी कोसळते. त्यातले बरेचसे वाहून जाते, काही उडून जाते. पाचवा हिस्सा जमिनीत मुरला असे मानले, तर साडेनऊ कोटी लिटर होतात. आता किल्ल्यात पाचशे माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ४० लिटर पाणी लागते असे धरू. वर्षाची गरज ७३ लाख लिटर, म्हणजे मुरलेल्या पाण्याच्या तेराव्या हिश्शाच्या आसपास.

उरलेल्या नऊ कोटी लिटरचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. बेट दरवर्षी पाणी पिते, पण फुगत नाही. विहिरींची पातळी दर पावसाळ्यात वर येते आणि दर उन्हाळ्यात जवळपास त्याच जागी उतरते. म्हणजे जितके मुरले, तितके कुठून तरी बाहेर पडले. बाहेर पडायला जागा एकच आहे, ती म्हणजे बेटाची कड. खडकांच्या भेगांतून, तटाच्या पायथ्याच्या वाळूतून, भरतीच्या रेषेखालून ते समुद्रात झिरपते. विहिरीचे पाणी गोडे राहते तेच मुळी या सततच्या झिरपण्यामुळे. गोडे पाणी आतून बाहेर रेटत असते म्हणून खाऱ्याला आत शिरता येत नाही.

या रेट्याचा नियम दोघांनी वेगवेगळा शोधला. विलेम बाडोन घायबेन या डच लष्करी अभियंत्याने १८८८-८९ मध्ये आणि हेर्ट्सबर्ग या जर्मन अभियंत्याने नॉर्डर्नाय बेटावरच्या कामातून १९०१ मध्ये तो मांडला. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. समुद्राच्या एका लिटरचे वजन सुमारे १,०२५ ग्रॅम, गोड्याचे १,०००. त्यामुळे जमिनीतले गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते आणि त्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट खोल जातो. मध्ये जाड आणि कडांना पातळ असा हा थर भिंगाच्या आकाराचा असतो. कुरट्यावरच्या बावी खोदल्या त्या काळी हा नियम कुणी कागदावर मांडलेला नव्हता. हा हिशेब मुळात एकसारख्या वाळूसाठी आहे, हेही सांगायला हवे. खडकाळ बेटावर पाणी भेगांच्या वाटेने साठते आणि वाहते. तिथे एका जागी गोडे पाणी लागावे आणि थोड्याच अंतरावर मचूळ, असे घडते. विहीर कुठे खोदायची हे ठरवणाऱ्याची नजर म्हणूनच मोलाची होती.

बेटावर जे लहान प्रमाणात घडते तेच समोरच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात घडते. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांचा मिळून १२१ किलोमीटरचा किनारा आहे. नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात खाडीला मिळतात: उत्तरेला वाघोटण, मध्ये आचरा, गड, कर्ली, दक्षिणेला तेरेखोल. दोन खाड्यांच्या मधल्या वाळूच्या पुळणींवर आणि कातळी खडपांवर नदी नाही. तिथे जमिनीचे पाणी समुद्राला मिळते ते वाळूतून आणि खडकातून, न दिसता. मालवण बंदराच्या दोन्ही अंगांना याचे नमुने आहेत. उत्तरेला तोंडवळी-तळाशील आणि दक्षिणेला देवबाग, दोन्ही वाळूच्या अरुंद पट्ट्या. एका बाजूला नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. या पट्ट्यांवर माणसे राहतात, माड वाढतात आणि विहिरींना गोडे पाणी लागते, ते निव्वळ पट्टीवर पडलेल्या पावसाचे. मे महिना सरता सरता काही विहिरी मचूळ होऊ लागतात आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा गोड्या होतात.

ओहोटीच्या वेळी पुळणीवर हे पाणी डोळ्यांनी पाहता येते. समुद्र मागे हटल्यावर वाळूच्या उताराचा खालचा भाग उन्हातही ओला, चकाकत राहतो. त्यातून बोटाएवढ्या रुंदीच्या धारा फुटतात, वाळूवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी कोरतात आणि पाण्यात मिळतात. वीतभर खड्डा काढला तर तो भरतो. त्यातले पाणी चाखले तर समुद्राइतके खारट लागेलच असे नाही. खडपांवर अशा जागी हिरव्या शेवाळाची पातळ चादर पसरलेली दिसते, शेजारचा कातळ मात्र उघडा असतो. हे शेवाळ तिथेच का वाढते याचे उत्तर पाण्यापेक्षा पाण्यात विरघळलेल्या गोष्टींत आहे.

सिंधुदुर्गातला पाऊस ज्या जमिनीतून मुरतो, तिचा इतिहास इथे कामाला येतो. किनाऱ्यामागचे सडे जांभ्याचे आहेत. लाखो वर्षे कोसळणाऱ्या पावसाने मूळ खडक धुऊन काढला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवले. त्याचाच जांभा झाला. त्याचा तांबडा रंग मागे उरलेल्या लोहाचा आहे. वाहून गेलेल्या द्रव्यांत मोठा वाटा सिलिकाचा होता आणि तो अखेर समुद्राला मिळाला. चिरेबंदी घराच्या भिंतीतला प्रत्येक चिरा म्हणजे खडकाचा मागे राहिलेला अर्धा भाग. दुसरा अर्धा केव्हाच पाण्यावाटे गेला. ती क्रिया आजही चालू आहे. भोकाभोकांच्या जांभ्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. व्हाळ, पाणवठे आणि डोंगरपायथ्याच्या बागा या झऱ्यांवर पोसल्या गेल्या. त्याहून खोल गेलेले पाणी खालच्या जुन्या खडकांतून, सावकाश, किनाऱ्याकडे सरकते. जाताना ते खडकातून सिलिका आणि मातीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून नायट्रेट उचलते.

समुद्राच्या वरच्या थरात या द्रव्यांचा नेहमी दुष्काळ असतो. तिथल्या सूक्ष्म वनस्पती उन्हाच्या बळावर वाढतात आणि पाण्यातले नायट्रोजन, फॉस्फरस, सिलिका संपवून टाकतात. जमिनीतल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण समुद्राच्या पृष्ठभागापेक्षा दसपट, कधी शेकडो पटही असते. म्हणून झिरपणारे पाणी थोडे असले, तरी त्याच्यासोबत येणारे खत थोडे नसते. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या आर. ई. जोहानेस या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये पर्थजवळच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांवरून हे मांडले, तेव्हा समुद्राच्या पोषणाचा हिशेब नद्या आणि खोल समुद्रातून वर येणारे पाणी या दोनच खात्यांवर लिहिला जात असे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या विलार्ड मूर यांनी रेडियमच्या मोजणीवरून आणखी खळबळ उडवली. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर जमिनीखालून येणारे पाणी तिथल्या नद्यांच्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. खडकाच्या संपर्कात राहिलेल्या पाण्यात रेडियम आणि रेडॉन मिसळतात. समुद्रात ते कुठे जास्त सापडतात हे पाहिले की जमिनीचे पाणी कुठे शिरते ते कळते. रेडॉन साडेतीन-चार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे तो सापडला तर पाणी नुकतेच आले आहे असे समजायचे.

मूर यांच्या ४० टक्क्यांचा अर्थ लावताना सावध राहायला हवे, आणि लोकप्रिय लेखनात ही सावधगिरी अनेकदा सुटते. त्या पाण्यात पावसाचे गोडे पाणी थोडे आणि समुद्राचेच पाणी बरेच असते. भरती वाळूत पाणी कोंबते, ओहोटीला ते परत बाहेर येते. मालवणला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि हा पंप दिवसातून दोनदा चालतो. निव्वळ गोड्या पाण्याचा हिशेब २०२० मध्ये जगभराच्या किनाऱ्यांसाठी मांडला गेला, तेव्हा तो नद्यांच्या एक टक्क्याहूनही कमी भरला. दोन्ही आकडे खरे आहेत. गोडे पाणी थोडेच येते; पण वाळूत शिरून बाहेर पडणारे खारे पाणीही रिकाम्या हाताने परतत नाही. वाळूत अडकलेले मेलेले जीव, शेवाळ, माशांची घाण तिथले जिवाणू कुजवतात आणि त्यातले नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा पाण्यात येते. पुळणीच्या वाळूत गोडे आणि खारे जिथे भेटतात त्या भागाला मूर यांनी भूमिगत खाडी म्हटले. तिथे देवघेव सरळ नसते. काही नायट्रेटचा जिवाणू नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. लोहाचा थर असेल तर तो फॉस्फरस धरून ठेवतो, आणि जांभ्याच्या मुलखात लोहाला तोटा नाही. त्यामुळे अशा किनाऱ्यावर झिरपणाऱ्या पाण्यात नायट्रोजन व सिलिका भरपूर आणि फॉस्फरस कमी, अशी स्थिती संभवते. समुद्री सूक्ष्म वनस्पतींना साधारण सोळास एक या प्रमाणात नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. ते प्रमाण बिघडले की कोणती वनस्पती वाढणार हेही बदलते.

सिलिका मिळाली की वाढतात ते डायटम. काचेसारख्या कवचात राहणाऱ्या या एकपेशी वनस्पती तारलीचे मुख्य खाणे आहेत. तारलीचे थवे आणि डायटमचा बहर यांचा संबंध दक्षिणेकडच्या मलबार किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवून दिला होता. बांगडाही वनस्पती आणि त्यावर जगणारे बारीक जीव खातो. मालवणच्या मासळीचा सगळा डोलारा झिरपणाऱ्या पाण्यावर उभा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. पावसाळी वाऱ्यांनी खोल समुद्रातले थंड, सकस पाणी वर येते आणि नद्या मोठा गाळ ओततात. खुल्या समुद्रातले मुख्य पोषण तेच. पाझराचे महत्त्व वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खडपांच्या कपारींत, बंदराच्या आडोशाला त्याचा प्रभाव जाणवतो. शिवाय नद्यांचा जोर दिवाळीपर्यंत ओसरतो, तर जमिनीतले पाणी त्यानंतरही काही महिने झिरपत राहते. मासेमारीचा हंगाम नेमका तोच. केरळात अलप्पुळाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ‘चाकरा’ नावाचा शांत, गढूळ पाण्याचा पट्टा तयार होतो आणि तिथे मासळी उसळते; त्यामागे जमिनीखालून येणारे पाणी आहे असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून मांडला जातो आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. अलीकडच्या वर्षांत तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अध्ययन केंद्राच्या पुढाकाराने देशाच्या किनाऱ्यांवरील अशा पाझरांचा शोध एक मोहीम म्हणून हाती घेण्यात आला.

मालवणच्या मच्छिमारीची जुनी रीत याच उथळ पट्ट्याची होती. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि दोन्हीकडे रांगेने उभी राहिलेली माणसे ओढू लागतात. ओढ एका लयीत चालते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी तारली, पेडवे, बांगडे यांनी भरलेला जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. मग वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. गाबीत समाजाच्या कित्येक वाड्यांचे अर्थकारण या वाट्यांवर चालले. किनाऱ्यापासून होडी जिथवर जाळे टाके, तेवढ्याच पाण्यात जमिनीचा पाझर सर्वांत दाट असतो. कालवे, तिसऱ्या आणि मुळे ही शिंपली गोळा करणाऱ्या बायकांचे क्षेत्र त्याहूनही आत, खाडीच्या तोंडाशी आणि खडपांवर. या मासळीसाठी खोल समुद्रात जावे लागत नसे, आणि ट्रॉलर येईपर्यंत फार कुणी जातही नसे.

या पोषणाचा परतीचा प्रवासही किनाऱ्यावर होत होता. हंगामात तारली इतकी येई की सगळी खाल्ली वा खारवली जाणे शक्य नसे. उरलेली मासळी माडांच्या आळ्यांत खत म्हणून जाई. कोकणच्या माडांना मीठ आणि मासळीचे खत घालण्याची रीत जुनी आहे. किनाऱ्याची रेताड जमीन खत धरून ठेवत नाही. माड मुळांनी जेवढे उचलेल तेवढे उचलतो, बाकीचे पावसाच्या पाण्याबरोबर वाळूत उतरते आणि थोड्या काळाने समुद्रात पोचते. समुद्रातून जमिनीवर आणि जमिनीतून समुद्रात असा हा फेरा होता. माड स्वतः या हलत्या पाण्याचा चांगला साक्षीदार आहे. त्याला मुळाशी पाणी हवे, पण साचलेले नको. खाऱ्यावर तरंगत समुद्राकडे सरकणारा गोड्या पाण्याचा थर त्याला मानवतो. पुळणीमागे माडांची रांग दाट आहे, याचा अर्थ तिच्या खालून गोडे पाणी समुद्राकडे चालले आहे.

पाणी उपसण्याची साधने बदलत गेली, तसा समुद्राचा वाटाही बदलत गेला. बावीतून कळशीने शेंदायचे किंवा बागेला लाटेने, म्हणजे तरफेच्या लांब दांड्याने, पाणी द्यायचे, तेव्हा उपशाला माणसाच्या बाहूंची मर्यादा होती. पातळी इंच-दोन इंच खाली जाई, रात्रीतून भरून येई. वरवरचे गोडे पाणी तेवढे निघे, खालचे खारे जागचे हलत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव वीज आली आणि बावीवर पंप बसले. एक अश्वशक्तीचा पंपही तासाला काही हजार लिटर ओढतो. घायबेन-हेर्ट्सबर्गचा नियम इथे उलट दिशेने लागू होतो: गोड्या पाण्याची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खारे पाणी अखेरीस चाळीस फूट वर चढते. विहीर मचूळ होण्याआधीच समुद्राकडे जाणारा पाझर आटलेला असतो. फक्त तो कुणाच्या नजरेस येत नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत याची दखल होती. भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत भूजल उपशाला बंदी आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात फक्त साध्या विहिरीतून, हाताने, पिण्यासाठी, शेती-बागायतीसाठी आणि मत्स्यव्यवसायासाठी पाणी काढण्याची मुभा, असा तो नियम होता. पुढच्या अधिसूचनांनी त्यात सवलती घातल्या. कायद्याने जे हाताने काढायला सांगितले, ते मालवणची माणसे शतकानुशतके तसेच काढत होती.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तारकर्ली-देवबागच्या वाळूवर निवासस्थाने वाढली. आता पाझर केवळ कमी होत नाही, त्यातला ऐवजही बदलतो. वाळूत खणलेल्या शोषखड्ड्याचे पाणी काही दिवसांत भूजलाला आणि काही काळाने समुद्राला मिळते. अमेरिकेतल्या केप कॉडजवळच्या वॉक्वॉइट उपसागरात नेमके हेच घडले. घरांच्या सांडपाण्याच्या टाक्यांतले नायट्रोजन वाळूतून उपसागरात उतरले, शेवाळ माजले आणि समुद्रगवताची कुरणे नाहीशी होत गेली. सांडपाणी मुरायला लागल्यापासून परिणाम दिसेपर्यंत वर्षे जातात, कारण भूजल सावकाश चालते. टाक्या बंद केल्या तरी आधी मुरलेले पाणी पुढेही काही वर्षे येतच राहते. मालवणला जपण्यासारखे अधिक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या जिवंत प्रवाळांची नोंद १९७९ मध्ये केली. प्रवाळाला निवळ आणि कमी खताचे पाणी लागते. नायट्रेट वाढले की त्याच्या अंगावर शेवाळ चढते. खडपावरच्या शेवाळाला जे पोसते तेच प्रवाळाला मारते, फरक फक्त मात्रेचा. जमिनीकडून दुसरा धक्का चिरेखाणींचा. सड्यावरचा जांभा कापून नेला की पाऊस मुरवणारा थरच जातो, आणि उरलेल्या मातीवरून पाणी गढूळ होऊन थेट व्हाळात उतरते.

पाणी मुरवण्याची जुनी कामेही मालवण तालुक्यातच आहेत. नागेश देसाई यांनी १५३० च्या सुमारास बांधलेला धामापूरचा तलाव, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याहून सव्वाशे-दीडशे वर्षांनी जुना, अजून पाणी धरून आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. दर हिवाळ्यात व्हाळांवर घातले जाणारे कच्चे बंधारे हेच काम छोट्या प्रमाणावर करतात. अशा प्रत्येक बंधाऱ्यामागे अडलेले पाणी विहिरींना मिळते, हे सगळे सांगतात; त्यातला काही भाग फाल्गुन-चैत्रातही पुळणीखालून समुद्राला मिळतो, हे हिशेबात कुणी धरत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि ते जवळजवळ सगळे पाण्यातच आहे. मच्छिमारांचा त्याला विरोध झाला, वाद हद्दीवरून आणि जाळ्यांवरून रंगला. ज्या बावी, बागा, शोषखड्डे आणि सडे या पाण्याला खत पुरवतात किंवा विष पाजतात, ते सगळे हद्दीबाहेर, वेगळ्या खात्यांच्या ताब्यात राहिले. भूजलाची मोजणी एका यंत्रणेकडे, किनाऱ्यावरची बांधकामे दुसरीकडे, मासेमारी तिसरीकडे आणि अभयारण्य वनखात्याकडे, अशी ही विभागणी आजही आहे. अभयारण्याच्या आराखड्यात तारकर्ली-देवबागच्या विहिरी आणि शोषखड्डे यांची नोंद आली, तरच तो आराखडा पुरा म्हणता येईल.